बंगळूरच्या लालबागेतील फुलांचे प्रदर्शन

लालबाग म्हटले की आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावातली वस्ती आणि तिथला गणपती आठवतो. पण आज जिच्याविषयी सांगायचे आहे ती लालबाग निराळी. ती आहे दक्षिणेत, बंगळूर शहरात. शहाजीराजांची जहागीर म्हणून हे गाव तुम्हांला इतिहासातून ठाऊक असेलच. या लालबागेत वर्षातून दोनदा, एकदा प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास आणि एकदा स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, फुलांचे मोठे प्रदर्शन भरते. ते पाहायला गावोगावची माणसे लोटतात. लेकुरवाळ्या बाया येतात, शाळांच्या रांगा येतात, शेतकरी येतात.

आता तुम्ही म्हणाल, फुलांचे प्रदर्शन ही तर शहरी लोकांची हौस. शेतात राबणाऱ्याला तिचे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या प्रदर्शनाच्या इतिहासातच सापडते, म्हणून तो थोडा मुळापासून पाहू.

ही बाग मुळात राजाची. हैदर अलीने १७६० साली ती लावायला घेतली. बंगळूरच्या उत्तरेला शिरे नावाचे गाव आहे. तिथली मोगली धर्तीची बाग त्याच्या मनात भरली होती, असे सांगतात. सुरुवातीला जमीन होती चाळीसेक एकर. हैदरनंतर टिपू सुलतानाने बाग वाढवली. टिपूला झाडांचे वेड होते. परदेशी जाणाऱ्या वकिलांना आणि व्यापाऱ्यांना तो बियाणे व कलमे आणायला सांगे. मॉरिशससारख्या दूरच्या बेटावरूनही त्याने रोपे मागवली. म्हणजे नवे झाड आणायचे, ते आपल्या मातीत रुजते का ते पाहायचे, हा उद्योग इथे पहिल्यापासून चालू होता. मात्र बाग राजाची, झाडे राजाची आणि फुलेही राजाचीच. रयतेने ती कुंपणाबाहेरून पाहायची.

१७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि बाग इंग्रजांच्या हाती गेली. पुढची पन्नास-साठ वर्षे तिची फरफटच झाली म्हणा ना. कधी एका लष्करी अधिकाऱ्याकडे, कधी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाच्या देखरेखीखाली, कधी एका बागाईत मंडळीकडे, अशी ती हात बदलत राहिली. अखेर १८५६ साली तिला सरकारी वनस्पती-उद्यानाचे रूप आले. १८५८ साली विल्यम न्यू नावाचा माळीकामात तयार झालेला गृहस्थ लंडनजवळच्या क्यू उद्यानातून इथे आला. क्यू हे त्या काळी जगातल्या झाडांचे जणू माहेरघर होते. एका देशातले बियाणे तिथे यावे आणि तिथून दुसऱ्या देशात जावे.

न्यूच्या मागून १८७४ साली जॉन कॅमेरॉन आला. त्याने लालबागेचा कारभार १९०८ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे पाहिला. बागेतल्या प्रदर्शनाला कायमचे घर मिळाले ते याच्या काळात. हे घर म्हणजे तिथले प्रसिद्ध काचघर. १८५१ साली लंडनमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि त्यासाठी लोखंड व काच यांचा एक प्रचंड महाल उभारला होता. त्याच्या धर्तीवर लालबागेत लहानसा काचमहाल बांधायचे ठरले. ३० नोव्हेंबर १८८९ रोजी व्हिक्टोरिया राणीचा नातू प्रिन्स आल्बर्ट व्हिक्टर याच्या हस्ते पायाचा दगड बसला. लोखंडी खांब आणि कमानी ओतल्या ग्लासगो शहरातल्या मॅकफर्लेन यांच्या कारखान्यात. तिथून त्या जहाजाने आल्या आणि इथे जोडल्या गेल्या.

इथे शिक्षकांनी मुलांना विचारावा असा एक प्रश्न आहे. विलायतेत काचघर बांधतात ते कशासाठी? तिथे थंडी कडक. काचेतून ऊन आत येते, पण आतली ऊब सहजी बाहेर जात नाही, म्हणून उष्ण देशांतली झाडे तिथे जगतात. बंगळुराला अशा उबेची गरज काय? काहीच नाही. इथे काचघराचा उपयोग वेगळा झाला. वरून उजेड मिळतो, पावसाची सर आली तर कुंड्यांना आडोसा होतो आणि हजारो माणसे एका छताखाली फिरू शकतात. वस्तू परक्याची असली तरी तिचा उपयोग आपल्या हवामानाप्रमाणे बदलतो, तो असा. लंडनचे चेल्सी येथील जगप्रसिद्ध पुष्पप्रदर्शन १९१३ साली सुरू झाले. लालबागेतले काचघर त्याच्याही वीसेक वर्षे आधीचे आहे.

कॅमेरॉनने आणखी एक काम केले. बाहेरदेशची अनेक फळझाडे आणि भाज्या त्याने इथे लावून पाहिल्या. चौचौ नावाची फिकट हिरवी, सुरकुतलेली, वेलीला लागणारी फळभाजी तुम्ही बाजारात पाहिली असेल. तिचे मूळ घर मेक्सिकोकडे. बंगळूरच्या भागात ती लालबागेतून पसरली. कानडी लोक तिला ‘सीमे बदनेकाई’ म्हणतात, म्हणजे विलायती वांगे. आणि मौज अशी की शेजारच्या तमिळ मुलखात तिचे नाव ‘बंगळूर वांगे’ असे पडले! बागेत लावलेले एक रोप असे परसात जाते, परसातून मळ्यात, मळ्यातून बाजारात आणि बाजारातून ताटात. प्रदर्शनाचे खरे काम हेच. नवी वस्तू चार लोकांच्या नजरेस पडावी, त्यांनी ती हाताळावी, ‘आमच्याकडे येईल का हो?’ असे विचारावे आणि जाताना रोप घेऊन जावे.

कॅमेरॉननंतर आले क्रुंबिगल. यांचा आपल्याशी जवळचा धागा आहे. हे जर्मन गृहस्थ. क्यू उद्यानात शिकले आणि १८९३ साली हिंदुस्थानात आले ते बडोद्याला, सयाजीराव गायकवाड महाराजांच्या नोकरीत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या त्या राजाला गुणी माणसे हेरण्याची दृष्टी होती. पुढे १९०८ साली क्रुंबिगलांनी लालबागेची धुरा घेतली आणि १९३२ पर्यंत वाहिली. बंगळूरच्या रस्त्यांवर त्यांनी झाडे लावली ती एका हिशेबाने. एका रस्त्याची झाडे फुलून गेली की दुसऱ्या रस्त्याची फुलावीत, ती ओसरली की तिसऱ्याची. म्हणजे शहरात बारा महिने कुठे ना कुठे बहर असावा. गावाच्या रस्त्यालगत किंवा शाळेच्या कुंपणाला झाडे लावताना हा हिशेब आपल्यालाही करता येईल. पांगारा आणि पळस उन्हाळ्याच्या तोंडाशी, बहावा आणि गुलमोहर उन्हाळ्यात, ताम्हण उन्हाळा सरता सरता.

१९१२ साली म्हैसूर बागाईत संस्था स्थापन झाली. क्रुंबिगल तिच्या उभारणीत होते. लालबागेतली प्रदर्शने या संस्थेच्या आणि सरकारी बागाईत खात्याच्या जोडकामातून भरत आली. इथूनच प्रदर्शनाला स्पर्धेचे अंग आले. कुंड्या, घरची बाग, संस्थांच्या बागा, भाजीपाला, फुलांची मांडणी यांना बक्षिसे लागली. शेतकऱ्याचा भोपळा आणि बंगलेवाल्याचा गुलाब एकाच छताखाली आले आणि परीक्षकाने दोघांकडे सारख्याच नजरेने पाहायचे असे ठरले. लहानशी गोष्ट वाटते खरी, पण जी बाग एके काळी रयतेने कुंपणाबाहेरून पाहायची, त्याच बागेत रयतेचा माल मानाने मांडला गेला, हा फरक मोठा आहे.

क्रुंबिगलांच्या जागी १९३२ साली एच. सी. जवराय आले आणि कारभार भारतीय माणसाच्या हाती आला. प्रदर्शनाला जागा अपुरी पडू लागली म्हणून १९३५ साली काचघराला पूर्वेकडे नवा भाग जोडला गेला. पुढे स्वातंत्र्य आले आणि डॉ. एम. एच. मरिगौडा यांचा काळ सुरू झाला. हे शेतकरी घरातले, परदेशी जाऊन वनस्पतिशास्त्र शिकून आलेले. त्यांचे लक्ष फुलांइतकेच, किंबहुना अधिक, फळबागाईतदाराच्या पदरात काय पडते याकडे होते. त्यांच्या पुढाकाराने १९५९ साली बंगळूर भागातल्या द्राक्ष-बागाईतदारांची सहकारी विक्री-संस्था निघाली. तीच पुढे फळे व भाजीपाला विकणारी ‘हॉपकॉम्स’ म्हणून नावारूपाला आली. सहकार म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. नुसते ‘उत्तम आले’ म्हणून बक्षीस देऊन भागत नाही, उत्तम आलेल्या मालाला भावही मिळायला हवा, हे त्यामागचे सूत्र.

आता प्रदर्शन प्रत्यक्ष भरते कसे ते पाहू. यात मोठे गणित आहे. फूल हे काही पाहुणे नव्हे, बोलावल्या दिवशी हजर व्हायला! त्याला तारखेवर आणावे लागते. समजा, एका जातीला पेरणीपासून फुलायला पंचाहत्तर दिवस लागतात आणि प्रदर्शन आहे २६ जानेवारीला. तर मागे मोजत या. बी १२ नोव्हेंबरला पडले पाहिजे. थंडी जास्त पडली तर दिवस वाढतात, म्हणून शहाणा माळी आठ-आठ दिवसांच्या अंतराने दोन-तीन वाफे टाकतो. एक चुकला तर दुसरा हाताशी असतो. रोप वीतभर झाले की शेंडा खुडतात. त्यामुळे बाजूला फांद्या फुटतात, झुडूप गोल भरते, फुले जास्त लागतात आणि थोडी उशिरा येतात. शेवंतीची तऱ्हा न्यारी. तिला रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरत नाही. म्हणून तिला लांबवायचे असेल तर रात्री दिवा लावतात आणि लवकर आणायचे असेल तर संध्याकाळपासून काळे कापड झाकतात.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा सौम्य, म्हणून पिटुनिया, डालिया, साल्विया, ॲस्टर अशी थंड हवेची फुले जानेवारीत चांगली येतात. ऑगस्टचे प्रदर्शन पावसाळी हवेतले. तेव्हा मूळ कुजणे, पान डागाळणे यांच्याशी झुंज द्यावी लागते आणि कुंडीतल्या पाण्याचा निचरा नीट ठेवावा लागतो.

हे सारे करणारे हात कुणाचे? कारभाऱ्यांची नावे पुस्तकात येतात, माळ्यांची येत नाहीत. बंगळूरच्या आसपास तिगळ नावाचा समाज पिढ्यान्पिढ्या फुले आणि भाजीपाला पिकवीत आला आहे. शहराचा प्रसिद्ध करग उत्सव याच समाजाचा. लालबागेच्या मातीत या लोकांच्या हाताची विद्या मुरलेली आहे. नवे झाड परदेशातून आले, तरी त्याला पाणी किती, शेणखत किती, ऊन कुठले, हे ठरवले ते अशाच हातांनी.

अलीकडच्या काळात प्रदर्शनाला आणखी एक वळण लागले. दर वेळी एखादा विषय घेऊन काचघराच्या मध्यभागी फुलांची मोठी प्रतिकृती उभारतात. २०२० च्या जानेवारीत स्वामी विवेकानंद होते. मग कोरोनाच्या साथीमुळे प्रदर्शने बंद राहिली आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा भरली. ऑगस्ट २०२४ चे प्रदर्शन क्रमाने २१६ वे. त्याचा विषय होता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवनकार्य.

या प्रतिकृतींना गर्दी फार होते. त्यांच्यामुळे लोक येतात आणि मुले थोरांची नावे ऐकतात, हा लाभ आहेच. पण एक गोष्ट तोलून पाहण्यासारखी आहे. सांगाड्यावर टोचलेले तोडलेले फूल चार दिवसांत सुकते आणि काढून टाकावे लागते. कुंडीतले रोप मात्र बी धरते. तोडलेल्या फुलाकडे पाहून माणूस ‘वाहवा’ म्हणतो. कुंडीतल्या रोपाकडे पाहून तो ‘कसे केले?’ असे विचारतो. लालबागेचे मोठेपण पहिल्यापासून त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. टिपूने मागवलेली रोपे असोत, कॅमेरॉनची चौचौ असो की मरिगौडांची द्राक्षे, ‘कसे केले’ असे विचारणारा कुणीतरी भेटला म्हणूनच ती बागेबाहेर पडली.

तेव्हा गुरुजनहो, तुमच्या शाळेला काचघर नसले म्हणून अडत नाही. एक ओसरी पुरे. पावसाळा संपताच मुलांना झेंडूचे, ॲस्टरचे बी वाटा. कुंडी नसेल तर फुटका माठ किंवा जुना डबा चालेल, फक्त तळाला भोक पाडायला विसरू नका. प्रत्येकाने पेरणीची, उगवणीची, शेंडा खुडल्याची आणि पहिल्या कळीची तारीख वहीत लिहावी. २६ जानेवारीला झेंडावंदन झाले की डबे ओसरीवर मांडा. शेजारी गावच्या शेतकऱ्यांची वांगी, मुळे, भोपळे मांडा. बक्षीस द्यायचे ते नुसत्या मोठ्या फुलाला देऊ नका. ज्याच्या वहीत तारखा खऱ्या आहेत आणि ‘कसे केलेस?’ या प्रश्नाला ज्याला नीट उत्तर देता येते, त्याला द्या. आणि जाताना प्रत्येकाच्या हातात चिमूटभर बी ठेवा.