दाताचे कवच

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, झरी जामणी आदी तालुक्यांच्या काही गावांत मुलांच्या दातांवर पिवळे, तपकिरी पट्टे दिसतात. ते पाहून परका मनुष्य म्हणतो, “ही मुले दात घाशीत नाहीत काय?” हा आरोप अन्यायाचा होय. तो डाग दातावर बसलेला नसून दातातच मुरलेला असतो. कितीही घासले तरी तो निघत नाही.

दाताच्या वरच्या शुभ्र कवचास एनॅमल म्हणतात. मानवी शरीरात याहून कठीण पदार्थ नाही. वजनाने त्याचा शेकडा 96 भाग खनिजांचा असतो. ही खनिजे अतिसूक्ष्म कांड्यांच्या रूपाने दाटीने रचलेली असतात. मोडलेले हाड पुन्हा सांधते. परंतु गेलेले एनॅमल पुन्हा येत नाही, कारण ते घडविणाऱ्या पेशी दात उगवताच नाहीशा होतात.

या भागातील काही विंधन विहिरींच्या पाण्यात खडकांतील फ्लोराइड विरघळलेले असते. अल्प फ्लोराइडाने दात बळकट होतो. परंतु लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी वयाच्या आठव्या वर्षापर्यंत नित्य पोटात गेल्यास हिरडीखाली घडत असलेले एनॅमल नीट पक्व होत नाही. ते सच्छिद्र राहते आणि पुढे त्या छिद्रांत रंग शिरतो.

असे डाग दंतवैद्याला झाकता येतात. पण गुळगुळीत एनॅमलवर लेप टिकावा कसा? अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर यांनी 1955 साली याचे उत्तर दिले. रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत धातूला आधी आम्ल लावीत. त्यांनी दातास अर्धा मिनिट फॉस्फोरिक आम्ल लावून पाहिले. गवंडी गुळगुळीत भिंतीस आधी टाचे मारतो, तेव्हाच गिलावा धरतो. आम्लाचे कार्यही तसेच. त्याने एनॅमलवर डोळ्यांस न दिसणारे खळगे पडतात. आम्ल धुऊन, दात कोरडा करून वर पातळ राळ लावली, की ती खळग्यांत उतरते. निळ्या प्रकाशाने ती काही सेकंदांत घट्ट होते आणि मुळांनी माती धरावी तशी दातास धरून राहते.

मात्र डागाळलेल्या दातांच्या बाबतीत एक अडचण येते. फ्लोराइडाने भरलेला एनॅमलचा वरचा थर आम्लास सहजी दाद देत नाही. म्हणून तेथे आम्ल अधिक वेळ ठेवावे लागते किंवा तो थर किंचित खरवडावा लागतो.

तथापि लेप डाग झाकतो, मूळ कारण दूर करीत नाही. अतिरिक्त फ्लोराइड पुढे हाडांसही जखडते आणि हाडांवर लेप चढविता येत नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. म्हणून पाण्याची तपासणी करणे आणि निर्दोष पाणी पिणे हाच खरा उपाय होय. डागाळलेल्या दातांस हसण्यापूर्वी त्या गावचे पाणी कसे आहे, हे विचारावे.