नाव वाचण्याआधी ओळखू येणारी भीती

२००५ साली अमेरिकेत एका भयपटाचं पोस्टर लागलं. फिकट पार्श्वभूमी आणि शेजारी शेजारी उभी दोन कापलेली बोटं, एवढंच चित्र. नट नाही, किंचाळणारी नायिका नाही, अंधारातला वाडा नाही. ती दोन बोटं म्हणजेच रोमन पद्धतीतला दोनचा आकडा. 'सॉ' या चित्रपटाचा दुसरा भाग येतोय हे सांगायला आणखी काही लागलं नाही. पुढच्या वर्षी तिसऱ्या भागासाठी तीन दात टांगले गेले आणि बघणाऱ्याला ते लगेच कळलं.

चेहऱ्याऐवजी खूण

प्रेमकथा किंवा मारधाडपट नटाच्या चेहऱ्यावर विकता येतो. भयपटाला ती सोय क्वचितच मिळते, कारण पैसा कमी असतो आणि पात्रं भागागणिक मरत जातात. जेम्स वान आणि ली व्हॅनेल या जोडीचा पहिला 'सॉ' (२००४) सुमारे १२ लाख डॉलरमध्ये झाला आणि त्याने जगभरात १० कोटी डॉलरहून अधिक कमावले. त्या यशाची मालिका करायची, तर प्रत्येक भागात टिकेल असं काहीतरी हवं होतं. पांढऱ्याफटक चेहऱ्याचा, गालांवर लाल चक्रं असलेला बाहुला आणि शरीराचा एखादा तुटलेला अवयव या दोन खुणा मालिकेला मिळाल्या. गालांवरची चक्रं तर लहान मूलही कागदावर काढून दाखवेल. चांगल्या खुणेची माझ्या मते हीच कसोटी आहे.

तारीखही या आखणीत बसवलेली होती. २००४ ते २०१० अशी सलग सात वर्षं ऑक्टोबरच्या शेवटी, हॅलोविनच्या तोंडावर, 'सॉ'चा नवा भाग आला. वितरक लायन्सगेटने त्याला जोडून रक्तदान मोहिमा घेतल्या आणि त्यासाठी परिचारिकांची खास पोस्टरं काढली. पडद्यावर रक्ताचे पाट वाहवणाऱ्या चित्रपटाने लोकांना खरं रक्त द्यायला बोलवावं, ही कल्पना धाडसी होती आणि लोकांच्या खऱ्या उपयोगाची होती. त्या पोस्टरांमुळे मालिकेची ओळख पुसली गेली नाही, उलट पक्की झाली.

काय दाखवायचं नाही

'द एक्झॉर्सिस्ट'चं (१९७३) पोस्टर या बाबतीत आजही अभ्यासावं असं आहे. बिल गोल्ड यांनी ते केलं. रात्रीची वेळ, रस्त्यावरचा दिवा, हातात बॅग घेऊन घरासमोर उभा असलेला टोपीवाला माणूस आणि खिडकीतून त्याच्यावर येणारा प्रकाशाचा झोत. झपाटलेली मुलगी पोस्टरवर नाहीच. हे दृश्य चित्रपटातलंच आहे आणि त्यामागे बेल्जियन चित्रकार मॅग्रिटच्या चित्रांची प्रेरणा होती. प्रकाश नेहमी दिलासा देतो. इथे मात्र धोका प्रकाशाच्याच बाजूला आहे, आणि माणूस अंधारात उभा आहे. ही उलटापालट इतकी नेमकी होती की नंतरच्या पुनःप्रदर्शनांत आणि व्हिडिओच्या वेष्टनांवर तीच आकृती राहिली. भुताचा चेहरा एकदा दाखवला की त्याची सवय होते. ज्यांना ही जाण नसते ते पोस्टरवरच सगळं उधळून टाकतात.

पोस्टरबाहेरचं हसू

२०२२ साली 'स्माइल'च्या प्रचारात खूण कागदावरून थेट माणसांच्या चेहऱ्यावर आली. बेसबॉलच्या सामन्यांत, कॅमेऱ्यात सतत दिसणाऱ्या जागांवर, पैसे देऊन काही जणांना बसवलं होतं. आजूबाजूचे प्रेक्षक ओरडत होते, खात होते. ही मंडळी मात्र ताठ, कॅमेऱ्याकडे नजर रोखून, दात दाखवत हसत होती. घोषणा नाही, पत्रकं वाटणं नाही. सामना बघणाऱ्यांनीच ते तुकडे मोबाइलवर पसरवले. ट्रेलरमध्ये, पोस्टरवर आणि मैदानात हसू एकच होतं, म्हणून ते ओळखलं गेलं. सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरच्या या चित्रपटाने २० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. यश केवळ त्या हसण्याचं नाही, पण नाव आणि खूण एकच असण्याचा फायदा इथे उघड दिसतो.

तुंबाडचा पाऊस

आपल्याकडे राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ने (२०१८) ठरलेल्या खुणांना धरून राहण्याची ही शिस्त पाळली. कोकणातलं गाव, न थांबणारा पाऊस, ओला करडा उजेड, कंदील, सोन्याची मुद्रा आणि चित्रपटातल्या हस्तर या शापित देवाचा लाल रंग. करड्यात लाल आला की प्रेक्षक सावध होतो. खऱ्या पावसासाठी चित्रीकरण अनेक पावसाळ्यांवर पसरलं, आणि म्हणूनच ट्रेलरमधला ओलावा खोटा वाटत नाही. जाहिरातीसाठी वेगळं रूप घडवावं लागलं नाही. चित्रपटाचं रूपच जाहिरातीला पुरलं. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा पहिल्या प्रदर्शनापेक्षा जास्त कमाई झाली.