माळवं दारात : तांड्या-वस्त्यांसाठी फिरता भाजीबाजार



एकीकडे तालुक्याच्या बाजारात टमाट्याचे क्रेट मातीमोल भावात सोडून रिकाम्या हाताने परत यायचे, आणि दुसरीकडे तिथून आठ-दहा मैलांवरच्या तांड्यावर आठवड्यातले पाच दिवस चटणी-भाकरीवर काढायचे, ही गोष्ट आपल्या नांदेड-लातूर भागात नवी नाही. पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक नाही आणि खाणाऱ्याला माळवं नाही. या दोघांची गाठ कशी घालता येईल, त्याची माहिती या पत्रकात दिली आहे.

आधी हे ध्यानात घ्यावे की आपल्या खेड्यात भाजी कमी का झाली. पूर्वी जोंधळ्याच्या रानात तूर, मूग, अंबाडी, वाळकं, भेंडी, गवार असे काही ना काही मिसळून असायचे. रब्बीत करडईचा कोवळा पाला आणि हरभऱ्याचे शेंडे खुडून आणले की भाजी झाली. बांधावर तांदुळजा आणि घोळ आपोआप उगवायची. आता सोयाबीन आणि ऊस आला, त्यात तणनाशक आले, आणि रानातली ही फुकटची भाजी गेली. सोयाबीनचा पैसा झाला हे खरे, पण भाजी विकत घेणे आले. विकत घ्यायची तर आठवडी बाजार सात दिवसांतून एकदाच. पालेभाजी घरात दोन दिवस टिकते, मग पुढच्या पाच दिवसांचे काय?

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले, म्हणजे मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर भागातले तांडे आणि वाड्या घ्या, किंवा किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यातली गावे घ्या. दसरा झाला की उसतोडीला टोळ्या जातात. मागे राहतात म्हातारीकोतारी आणि लेकरे. त्यांनी बाजार कसा गाठावा? 2023 पासून बायांना एस.टी.चे अर्धे तिकीट झाले, पण एस.टी. तांड्याच्या फाट्यापर्यंतच येत असेल तर डोक्यावर पिशवी घेऊन पुढची चाल चुकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की मोठ्या माणसाने दिवसाला निदान 400 ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत, आणि त्यात बटाटा धरू नये. आपल्या घरात हे माप किती दिवस भरते ते ज्याचे त्याने पाहावे. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असे 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले. त्याला कारणे पुष्कळ आहेत, पण ताटात हिरवे नसणे हे त्यातले एक आहे.

फिरती भाजी ही काही परदेशातून आलेली युक्ती नव्हे. माळीण डोक्यावर पाटी घेऊन गल्लीत हाळी द्यायची, बागवान गाढवावर किंवा गाडीवर फळे घेऊन गावोगाव फिरायचा, आणि बाया जोंधळा देऊन भाजी घ्यायच्या. मोठ्या शहरांनाही अखेर याच वाटेवर यावे लागले. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराने 2008 साली, जिथे ताजी भाजी मिळत नाही अशा गरीब वस्त्यांत फक्त फळे-भाजी विकणाऱ्या 1000 हातगाड्यांना परवाने देण्याचा कायदा केला. आपल्या शेजारी, त्या वेळच्या आंध्र प्रदेशात 1999 साली रयतू बाजार सुरू झाले, आणि 2020 च्या टाळेबंदीत तेलंगणात हेच बाजार गाड्यांवर चढून हैदराबादच्या वस्त्यांत फिरले. त्याच वर्षी आपल्याकडेही आठवडी बाजार बंद पडले, तेव्हा कितीतरी शेतकरी गटांनी टेंपोत माल भरून शहरातल्या दारोदार नेला. गिऱ्हाईक खूष होते, शेतकरीही खूष होता. पण बाजार उघडले आणि बहुतेकांच्या गाड्या पुन्हा आडतीकडे वळल्या. शिवाय त्या गाड्या गेल्या त्या शहरात. तांड्याकडे कोण वळले?

कायद्याची अडचण राहिलेली नाही. जुलै 2016 मध्ये राज्य शासनाने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. आवाराबाहेर आपला माल आपण थेट विकू शकतो. त्यानंतर अरणच्या संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारही भरू लागले. ग्रामपंचायतीला विचारून पारावर किंवा शाळेपुढे गाडी उभी करण्याची जागा ठरवून घ्यावी. वजनकाट्यावर मात्र वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का हवा. मापात पाप झाले असे एकदा गावाला वाटले की ती गाडी त्या गावात पुन्हा उभी राहत नाही.

आता हिशोब. पुढचे आकडे नमुन्यादाखल आहेत, आपापल्या भावाने बदलून घ्यावेत. समजा एकट्याचा 250 किलो माल आहे. ठोक बाजारात भाडे-हमाली वजा जाता किलोला 10 रुपये हाती येतात, म्हणजे 2500. तोच माल गाडीवर फिरवला, त्यातला 25 किलो सुकून किंवा चेंगरून गेला आणि 225 किलो सरासरी 20 रुपयांनी विकला, तर 4500 आले. त्यातून गाडीभाडे आणि डिझेल 900, चालक 500, विकणाऱ्या दोघांची मजुरी 800, किरकोळ 100, असे 2300 गेले. राहिले 2200. म्हणजे दिवसभर हाळी देऊन घसा बसवायचा आणि वर 300 चा तोटा! बरेच जण इथेच कंटाळून सोडून देतात, आणि त्यांचे चुकत नाही.

पण गाडीचा खर्च 250 किलोला जेवढा, जवळजवळ तेवढाच 400 किलोला. सात-आठ जणांनी मिळून 400 किलो भरला, 30 किलो वाया धरला, तर 370 किलोचे 7400 झाले. खर्च 2300 वजा जाता 5100 उरतात. ठोकात याच मालाचे 4000 आले असते. म्हणजे 1100 रुपये जास्त, आणि घेणाऱ्यालाही भाजी दारात. तीन वस्त्यांची मिळून 250 घरे धरली आणि घरटी दीड किलो खपली, तरी हा माल उठतो. तेव्हा एकट्याने गाडी काढू नये, गटाने काढावी. माल मिसळ असावा. नुसती वांगी भरून नेली तर चौथे घर विचारणार नाही. मेथी, शेपू, चुका, अंबाडी, शेवग्याच्या शेंगा, गाजर, लाल भोपळा, मिरची, लिंबू, आणि अर्धापूरकडची केळी मिळाली तर तीही असावी. गटातल्या कोणी कोंबड्या पाळल्या असतील तर अंडी आवर्जून ठेवावीत, हातोहात जातात.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वार आणि वेळ. आठवडी बाजार जर सोमवारी असेल तर गाडी बुधवारी आणि शनिवारी न्यावी, घरातले संपलेले असते तेव्हा. आणि एकदा ठरवलेला वार मोडू नये. नाही तर पुढच्या खेपेला म्हातारी विचारणारच, “का रं बापू, परवा येतो म्हणलास अन् आलाच न्हाईस. बारा वाजस्तोर वाट बघितली, मग चटणीच वाटली.” तिने दुसऱ्यांदा वाट बघितली नाही तर दोष तिचा नाही. जिथे बाया सकाळीच खुरपायला जातात तिथे सकाळी साडेसातच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जावे. भर दुपारी भोंगा वाजवून उपयोग नाही, कुत्री तेवढी जमतात.

माल सांभाळण्याविषयी थोडे. पालेभाजी भल्या पहाटे काढावी आणि चांगल्या पाण्याने धुवावी, ओढ्याच्या नको. जुड्या उभ्या रचून वरून ओले बारदान टाकावे. चैत्र-वैशाखात आदल्या दिवशीचा माल ठेवण्यासाठी विटांचा शीतकक्ष करावा. विटांच्या दोन भिंती, मध्ये तीन इंच फट, फटीत वाळू, वर गवताचे झाकण आणि त्यावर सावली. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवली की विजेशिवाय आत गारवा राहतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हा कक्ष चांगले काम देतो, पावसाळ्यात दमट हवेत तितके नाही. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे भिजवायला पाणी कुठले, असे कोणी म्हणेल. भाजी धुतलेले पाणी त्याला चालते.

फवारणी केलेल्या भाजीला औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस पुरे होईपर्यंत कात्री लावू नये. आपण ज्यांना ती देणार ती लेकरे आपल्या ओळखीची असतात.

उधारीचा प्रश्न येणारच. साफ नाही म्हटले तर गरीब घर सुटते, आणि सरसकट दिली तर गाडी बुडते. एका घराला एका खेपेपुरतीच उधारी, आधीची फेडली की नवी, असा नियम बरा. वही गटातल्या एखाद्या बाईकडे द्यावी, वसुली चांगली होते. जोंधळा किंवा तूर देऊन कोणी भाजी मागितली तर त्या दिवसाच्या बाजारभावाने घ्यावी.

भाजी देताना दोन शब्द सांगावेत. पालेभाजी चिरण्याआधी धुवावी, चिरल्यावर नव्हे. शिजवताना झाकण ठेवावे, पाणी ओतून देऊ नये, ताटात वरून लिंबू पिळावे. लिंबाने भाजीतले लोह अंगी चांगले लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी लागते. हे सांगितल्याने लिंबेही खपतात.

पावसाळ्यात काळ्या मातीचे रस्ते धरतात आणि टेंपो फसतो. त्या दोन-तीन महिन्यांसाठी तांड्यातल्याच एखाद्या बाईला डांबरी फाट्यावर माल उतरवून द्यावा आणि किलोमागे तिचे कमिशन आधी ठरवावे. पुढे बैलगाडीने नेणे तिच्या घरच्यांना सोपे जाते, आणि दिवाळीनंतर गाडी परत आत जाऊ लागली तरी तिला मोडीत काढू नये.