जुन्या गाडीचा ब्रेक बूस्टर: ठेवायचा की काढायचा?

जुनी गाडी पुन्हा तयार करायला घेतली की इंजिन, रंग, सीट हे सगळं ठरतं. मग एक दिवस गॅरेजमध्ये प्रश्न येतो, "बूस्टरचं काय करायचं?" कुणी म्हणतं काढून टाका, जुन्या गाडीला कशाला हवा, पेडलचा खरा अंदाज येत नाही. कुणी म्हणतं नसेल तर बसवून घ्या, आजच्या ट्रॅफिकमध्ये त्याशिवाय जमत नाही. दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे. पण निर्णय घेण्याआधी बूस्टर नेमकं काय करतो आणि काय करत नाही, हे समजून घेऊया.

बूस्टर म्हणजे काय?

बॉनेट उघडलं की ब्रेक पेडलच्या समोर, मास्टर सिलिंडरच्या मागे, पातेल्यासारखा एक गोल काळा डबा दिसतो. तो बूस्टर. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत तो पेडलपासून लांब, ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये बसवलेला असतो. त्याला सर्वो म्हणतात. काम तेच.

डब्याच्या आत रबरी पडदा असतो. पेट्रोल इंजिन चालू असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो आणि एका पाइपने तो पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोचतो. तुम्ही पेडल दाबलं की पडद्याच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा आत येते. पुढे व्हॅक्यूम, मागे हवा. मग हवाच पडद्याला पुढे ढकलते. रिकाम्या बाटलीतली हवा तोंडाने ओढली की ओठ चिकटतात ना, तोच प्रकार.

हा जोर किती? २० सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. दोन बाजूंत ०.६ किलो प्रति चौरस सेंटिमीटरचा फरक असेल, तर जोर होतो जवळजवळ १९० किलो. म्हणजे पेडलच्या पुढे मास्टर सिलिंडरवर दोन-तीन माणसांच्या वजनाइतका जास्तीचा जोर पडतो असं समजा.

ही कल्पना नवीन नाही. बेल्जियमचे इंजिनिअर अल्बेर देवांद्र यांचा व्हॅक्यूम सर्वो १९२० च्या दशकातला. अमेरिकेत १९२८ मध्ये पिअर्स-अ‍ॅरो गाडीत अशी मदत आली होती.

सगळ्यात मोठा गैरसमज

बूस्टरमुळे गाडी लवकर थांबते, असं बरेच जण मानतात. खरं तर गाडी थांबते ती टायर आणि रस्त्याच्या पकडीवर. ताशी ५० किलोमीटरवरून, चांगल्या कोरड्या रस्त्यावर, ब्रेक पूर्ण लागल्यापासून थांबायला साधारण १२ मीटर लागतात. चाक लॉक होईल इतका जोर तुमचा पाय एकटा देऊ शकत असेल, तर बूस्टर हे अंतर कमी करत नाही. तो फक्त पायाचे कष्ट कमी करतो.

पण "फक्त" म्हणून सोडून देऊ नका. कारण ऐन वेळी तो जोर पायातून निघाला नाही, तर १२ मीटरचे २० मीटर व्हायला वेळ लागत नाही. गाळपाच्या हंगामात सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्री, मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते. तेव्हा हे आठ मीटर म्हणजे सगळं काही.

काही गाड्यांना बूस्टर नव्हताच, का?

सोलापूरकरांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. पुढे याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि मग पद्मिनी बाहेर पडली. या जुन्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि बूस्टर नाही. तरी तिने अनेक वर्षं मुंबईची टॅक्सी ओढली.

कारण ड्रम स्वतःलाच मदत करतो. फिरणारा ड्रम पुढच्या लायनरला आपल्याबरोबर ओढतो आणि तो आणखी घट्ट दाबला जातो. डिस्क ब्रेकमध्ये असं काही होत नाही, पॅड सरळ दाबावे लागतात. त्यामुळे डिस्कला ऑइलचं प्रेशर जास्त लागतं. १९६१ ची जग्वार ई-टाइप चारही चाकांना डिस्क घेऊन आली, तेव्हा सोबत सर्वो होता. उलट १९६२ ची एमजीबी हलकी, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. ती सुरुवातीला सर्वोशिवायच विकली गेली. पोर्शे ९११ ला तर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सर्वो नव्हता.

म्हणजे स्पोर्ट्स कार आहे म्हणून बूस्टर नको, असा नियम नाही. गाडीचं वजन, ब्रेकचा प्रकार, मास्टर सिलिंडरचं माप आणि पेडलची लांबी हा सगळा एक संच असतो. कंपनीने तो एकत्र ठरवलेला असतो.

एकच भाग काढला तर काय होतं?

हिशोब करून बघू. आकडे उदाहरणासाठी आहेत.

पेडल पायाचा जोर पाचपट करतं असं धरा. पायाने ३० किलो दाबलं, की पुढे १५० किलो गेले. बूस्टरने आणखी १५० घातले, एकूण ३००. मास्टर सिलिंडर २२ मिलिमीटरचा असेल, तर ऑइलमध्ये सुमारे ७९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर प्रेशर तयार होतं.

आता बूस्टर काढा, बाकी काही बदलू नका. प्रेशर थेट निम्म्यावर, ३९ वर. तेवढंच ब्रेक लागायला पायाला ३० ऐवजी ६० किलो जोर द्यावा लागेल. सवय नसलेल्या माणसाला वाटतं, ब्रेकच गेला!

मग उपाय म्हणून १९ मिलिमीटरचा लहान मास्टर सिलिंडर बसवतात. आता ४५ किलोत काम होतं, पण पेडल पूर्वीपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त खाली जातं. लायनर झिजलेले असतील किंवा लाइनमध्ये हवा असेल, तर ते जमिनीला टेकू शकतं. म्हणून बूस्टर काढायचा तर मास्टर सिलिंडर, पेडल आणि पॅड यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

उलट बाजू: नसलेला बूस्टर बसवणं

पद्मिनीसारख्या गाडीला दुसऱ्या गाडीचा बूस्टर बसवण्याचे प्रयोग होतात. पेडल हलकं होतं हे खरं. पण ड्रम स्वतःच जोर वाढवतो, त्यावर बूस्टरचा जोर आला की चाक पटकन लॉक होतं. डाव्या-उजव्या ड्रममध्ये थोडा फरक असेल, तर तोही वाढतो आणि गाडी एका बाजूला ओढते. त्यामुळे आधी मूळ ब्रेक नीट करा. ड्रम गोल आहेत का, व्हील सिलिंडर गळतायत का, लायनर अ‍ॅडजस्ट आहेत का, हे बघा. जड पेडलची तक्रार बऱ्याचदा इथेच संपते.

आणखी एक मुद्दा कागदांचा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते. मोठे बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा.

तुमचा बूस्टर ठीक आहे का? दोन मिनिटांत बघा

१. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. ते कडक होईल.

२. पेडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं, तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही, तर पाइप, व्हॉल्व्ह किंवा पडदा खराब आहे.

३. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा. पहिला दाब हलकाच लागला, तर व्हॅक्यूम टिकतोय.

४. पेडल धरून ठेवल्यावर सतत फुसफुस आवाज येत असेल किंवा इंजिन अडखळत असेल, तर हवा गळतेय.

५. ब्रेक ऑइल कमी होतंय पण बाहेर थेंब दिसत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय? ऑइल बूस्टरमधून इंजिनात ओढलं जात असू शकतं. गाडी तिथेच थांबवा.

इंजिनात बदल केला असेल, म्हणजे तेज कॅमशाफ्ट किंवा जादा कार्ब्युरेटर, तर आयडलला व्हॅक्यूम कमी पडतो. गेज लावून मोजा. चांगल्या इंजिनाला साधारण १७ ते २० इंच मिळतात. त्यापेक्षा बरेच कमी असतील, तर दोष बूस्टरचा नसेलही.

घाटात ही चूक नको

तुळजापूरचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे अजूनही आहेत. बूस्टर असलेल्या गाडीत हे जिवावर बेतू शकतं. डब्यात साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. त्यानंतर सगळा भार पायावर, तोही उतारावर. इंजिन चालू ठेवा, गाडी गिअरमध्येच उतरवा.

मग ठरवायचं कसं?

गाडीला कंपनीचा बूस्टर असेल, तर तो ठेवा आणि दुरुस्त करून घ्या. खास करून पुढे डिस्क असतील आणि घरातले इतर लोकही गाडी चालवत असतील तर. रोज आधुनिक गाडी चालवणारा पाय हलक्या पेडलला सरावलेला असतो. संकटात तो तेवढाच दाबतो.

कंपनीने दिलाच नसेल, तर बसवण्याची घाई नको. मूळ ब्रेक नवे करा आणि महिनाभर चालवून बघा.

आणि काढायचाच असेल, तर गाडी हलकी आहे, चालवणारे एकटे तुम्हीच आहात आणि सिलिंडर-पेडलचा हिशोब कुणी जाणकाराने केलाय, या तिन्हींचं उत्तर "हो" असलं पाहिजे. एकही "नाही" असेल, तर डबा आहे तिथेच राहू द्या. काहीही बदललं, तरी पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, ताशी २० किलोमीटरवर. हायवे नंतर.