अंडी उबवायचं मशीन घेताय? स्क्रीनवरच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका

मागच्या उन्हाळ्यात मी ऑनलाइन एक टेबलटॉप इनक्युबेटर मागवला. २४ अंड्यांचा, डिजिटल डिस्प्ले, अंडी आपोआप फिरवणारा. आत्याने गावाहून तिच्या गावरान कोंबड्यांची २४ अंडी भुशात ठेवून पाठवली. स्क्रीनवर रोज ३७.८ दिसत होतं, म्हणून मी निवांत. २१ व्या दिवशी काहीच झालं नाही. २३ व्या दिवशी पिल्लं निघाली, फक्त तीन. नंतर मोजलं तर आत खरं तापमान ३६.६ होतं. आत्या फोनवर एवढंच म्हणाली, "माझी खुडूक कोंबडी स्क्रीनशिवाय डझनातली दहा काढते रे."

म्हणून हा लेख. मशीन म्हणजे शेवटी हीटर, पंखा, सेन्सर आणि अंडी फिरवणारी मोटर. यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय, ते बघू.

१. पंखा आहे का?

पंखा नसेल तर गरम हवा वर साचते आणि वर-खाली तापमानात फरक पडतो. पंखा असलेल्या मशीनमध्ये कोंबडीच्या अंड्यांना ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस लागतं. एका अंशाची चूकही इथे मोठी असते: कमी पडलं तर पिल्लं उशिरा आणि अशक्त निघतात, जास्त झालं तर आतच मरतात. पहिल्यांदाच घेत असाल तर पंख्याचंच घ्या.

२. तापमान दुरुस्त करता येतं का?

सेन्सर चुकू शकतो, ते चालेल. पण मेन्यूमध्ये ती चूक भरून काढायची सेटिंग हवी. लोकल बनावटीचं मशीन घेताना आत कोणता सेन्सर आहे ते विचारा. डीएचटी११ मध्ये दोन अंशांपर्यंत फरक पडू शकतो, डीएचटी२२ मध्ये साधारण अर्ध्या अंशाचा. अंड्यांसाठी हा फरक खूप आहे.

३. पाणी बाहेरून भरता येतं का?

पहिले १८ दिवस आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के हवी. त्या शेवटच्या दिवसांत झाकण उघडायचं नसतं, म्हणून बाहेरून पाणी भरायची सोय हवीच. कोकणात पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा असतो की सुरुवातीला पाणी न घालताही काम भागू शकतं.

४. लाइट गेली तर?

१२ व्होल्टची पिन असलेलं मशीन बघा. हिशोब सोपा आहे: ६० वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे ५ अँपिअर. चार तासांना २० अँपिअर-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्धीच वापरावी, म्हणून ४० ची घ्या. हीटर सतत चालू नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात ती जास्त टिकेल. घरी इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच मिटला.

कशावर पैसे घालवू नका?

मोबाइल अ‍ॅप आणि अंडी तपासायचा वेगळा दिवा. सातव्या दिवशी अंधारात फोनचा टॉर्च अंड्याखाली धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर आत जीव आहे.

अंडी ठेवण्याआधी ही टेस्ट कराच

औषधाच्या चार छोट्या बाटल्या कोमट पाण्याने भरा, झाकणं घट्ट लावा आणि मशीनच्या चार कोपऱ्यांत रात्रभर ठेवा. सकाळी एकेक बाटली उघडून लगेच तापाचा डिजिटल थर्मामीटर बुडवा. चारही आकडे जवळपास सारखे आले आणि स्क्रीनशी जुळले तर उत्तम. चारही सारखेच चुकले तर सेटिंग बदला. कोपऱ्याकोपऱ्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर रिटर्नची मुदत संपायच्या आत मशीन परत करा. मी ही टेस्ट मुदत संपल्यावर केली!

आर्द्रतेसाठी बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओलं करा (विरघळू देऊ नका) आणि वेगळ्या हायग्रोमीटरसोबत बंद डब्यात सात-आठ तास ठेवा. आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. मग त्याच मीटरने मशीन तपासा.

आणखी एक पडताळा किचनच्या वजनकाट्यावर होतो. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के घटतं, म्हणजे ५० ग्रॅमचं अंडं ४४ च्या जवळ यायला हवं. फारच कमी घट म्हणजे आत ओलावा जास्त आहे.

शेवटचं, पण महत्त्वाचं

दुकानातली पांढरी अंडी ठेवू नका. लेअर फार्मवर कोंबडे नसतात, त्यामुळे त्या अंड्यांत पिल्लू होतच नाही. कोंबडा असलेल्या कळपातली, सात दिवसांच्या आतली अंडी घ्या. प्रवासातून आलेली असतील तर टोकदार बाजू खाली करून एक दिवस तशीच राहू द्या. १८ व्या दिवशी फिरवणं बंद करा. बटेर ठेवणार असाल तर १७-१८ दिवस आणि बदकाला २८ दिवस लागतात, त्याप्रमाणे तारखा बदला.

पिल्लं येण्याआधीच बल्ब लावलेला उबदार खोका तयार ठेवा, पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंश लागतं. आणि हो, साधारण निम्मे कोंबडे निघतील. फ्लॅटमध्ये राहत असाल तर पहाटे आरवणाऱ्यांचं काय करायचं, ते आधीच ठरवा.

सेटिंग दुरुस्त करून मी त्याच मशीनमध्ये पुन्हा २४ अंडी ठेवली. या वेळी १७ निघाली. आत्याच्या कोंबडीला अजून गाठायचंय.