बग्गीची जोडी सरळ का चालत नाही?

मराठवाड्यात टांग्याची सवारी रिक्षाने नेली, तरी घोड्याचा धंदा पुरता बुडालेला नाही. बीड, अंबाजोगाई, परळीसारख्या गावांत लग्नसराईत नवरदेवासाठी सजवलेली बग्गी भाड्याने लागते. तीवर मालकाबरोबर नालबंद, साज शिवणारे, सुतार व लोहार यांचीही रोजी चालते. अडचण एवढीच, की टांग्याला एक घोडा असतो आणि बग्गीला बहुधा दोन. एक घोडा उत्तम हाकणाऱ्याच्याही हातात जोडी वाकडी चालते. वरातीच्या गर्दीत अशी जोडी माणसांच्या अंगावर गेली, तर भाडे बुडतेच, शिवाय धंद्याचे नाव जाते.

बैलाची जोडी आणि घोड्याची जोडी

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्याला बैलजोडी नवी नाही. बैलांच्या माना एकाच जूवर असतात. घोड्यांना असे जू नसते. दोघांमध्ये गाडीची दांडी असते, तिला ते पट्ट्याने जोडलेले असतात आणि दिशा मिळते ती लगामातून. म्हणून लगाम व पट्टे यांतला थोडा फरकही चालीत दिसतो.

आधी एकेकटा, मग जोडी

मालेगाव (जि. नांदेड) किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत तट्टे घेताना पुष्कळजण रंग जुळवतात. जुळायला हवी ती उंची, पावलाची लांबी आणि स्वभाव. एक चपळ व दुसरा सुस्त असेल तर ओढ एकाच बाजूला पडते.

घरी आणल्यावर लगेच गाडीला जुंपू नये. प्रत्येकाला लांब दोर लावून मागून चालत हाकावे. चालणे, थांबणे व वळणे त्याला आवाजावर कळले पाहिजे. नंतर हलके लाकूड ओढायला द्यावे. जोडी करताना एक जनावर मुरलेले असले तर नवे लवकर शिकते.

दोष कोठे शोधावा?

बाहेरचा लगाम प्रत्येक घोड्याच्या तोंडाच्या बाहेरच्या बाजूस जातो. त्याला जोडलेला आतला लगाम शेजारच्या घोड्याच्या आतल्या बाजूस जातो. हा आतला लगाम आखूड झाला, की दोघांची तोंडे आत वळतात. फार लांब झाला, की बाहेर फाकतात. दोन्ही तोंडे समोर राहतील अशी बकले बसवावीत.

दांडीचा पट्टा फार आवळला तर जनावर अवघडते, फार सैल सोडला तर दांडी झोके खाते. ओढीचे चारही पट्टे मोजून सारखे करावेत.

साज बरोबर असूनही एक जनावर दांडीवर रेलत असेल किंवा तिच्यापासून दूर ओढत असेल, तर चाबूक उचलण्याआधी त्याचे अंग पाहावे. खांद्यावर घासल्याची जखम, तोंडातला फोड, दाढेची धारदार कड किंवा वाकडा बसलेला नाल, यांपैकी काहीही कारण असू शकते. साधारण दीड महिन्याने नालबंदाला खूर दाखवावेत आणि दाढांसाठी पशुवैद्यकाकडे जावे. अधूनमधून डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल केल्यास एकाच बाजूला रेलण्याची सवय जडत नाही.

रोजचा सराव

मोकळ्या मैदानात दूरवरची एक खूण धरून पाव तास जोडी चालवावी. मग उतरून धुळीतला चाकांचा माग पाहावा, तो खोटे बोलत नाही. माग सरळ येऊ लागला, की बँडचा आवाज व दिव्यांचा झगमगाट हळूहळू, दुरून जवळ आणावा. पहिल्याच दिवशी वरातीत नेऊ नये.

कायदाही ध्यानात असावा. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक, किंवा विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. जेथे पारा ३७ अंशांवर जातो, तेथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपता येत नाही. एप्रिल-मेच्या लग्नांत बीडकरांना हे पाळावेच लागेल. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या, त्यामागे जनावरांचे हाल हाच मुद्दा होता.

सरळ चालणारी जोडी चाबकाने तयार होत नाही. मालक, साज करणारा व नालबंद या तिघांनी आपापले काम चोख केले, तर जनावराला वाकडे चालण्याचे कारणच फारसे उरत नाही.