आंजर्ल्यात नौकाविहार करायचाय? आधी तिथी बघा! जोग नदीतल्या भरती-ओहोटीचं सोपं गणित

दापोली तालुक्यातलं आंजर्ले म्हटलं की कड्यावरचा गणपती आणि समुद्रकिनारा आठवतो. पण निवांत सुट्टीसाठी इथे आणखी एक जागा आहे, ती म्हणजे जोग नदीची खाडी. फक्त इथलं वेळापत्रक चंद्र ठरवतो.

नदीचं महत्त्व काय?

पूल होण्यापूर्वी हर्णैकडून येणारे लोक तरीने ही खाडी ओलांडत. वादळ आलं की हर्णैच्या मासेमारी नौका आजही याच खाडीत आसऱ्याला येतात. जवळच समुद्रात सुवर्णदुर्ग आहे. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रजांच्या संयुक्त मोहिमेत तो तुळाजी आंग्रेंच्या हातून गेला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झालेल्या १२ किल्ल्यांपैकी तो एक आहे.

भरतीची वेळ कशी काढायची?

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला ४ × ३ ÷ ४ = ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे ३ च्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला ६ वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. हा अंदाज आहे, नेमकी वेळ होडीवाल्यालाच विचारा.

कोणता दिवस चांगला?

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी शांत असतं. त्या दिवशी दुपारी ४ ला निघा. चढत्या पाण्याबरोबर खारफुटीच्या कडेने आत जा आणि पाणी फिरलं की मावळतीला परता. संकष्टीला गणपतीचं दर्शन सकाळी उरकून दुपारी होडीत बसता येईल.

धोका कुठे?

खाडीच्या मुखाशी. तिथे गाळ साचून पाणी उथळ होतं. ओहोटीचा प्रवाह बाहेर पडतो, समोरून लाटा आत येतात आणि उथळ जागी त्या उंच होऊन फुटतात. तिथे मुरलेल्या खलाशांचीही परीक्षा असते. म्हणून होडीवाला ‘आज मुखाकडे नको’ म्हणाला, तर हट्ट करू नका.

हे लक्षात ठेवा

• लाइफ जॅकेट होडीत बसण्यापूर्वीच घाला, पोहता येत असलं तरी.
• होडीची क्षमता विचारा. जास्त माणसं असतील तर दुसरी फेरी घ्या.
• पावसाळ्यात खाडीत विहाराचा बेत आखू नका.
• प्लॅस्टिक पाण्यात टाकू नका. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.